अण्णांचं किरणांचं इंजेक्शन हाडातच कसं जातं?

या वेळचं पत्र किनवट तालुक्यातून आलंय. नाव छापू नका म्हणलेत म्हणून छापत नाही, मजकूर थोडा कमी करून देते.

"ताई, नमस्कार. आमच्या अण्णांचं वय ७१. दोन वर्षाखाली प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, आता हाडात उतरलाय, कंबर, बरगड्या, मांडी, रात्रभर झोप नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी बोन स्कॅन करून घेतला आणि आता म्हणायलेत की संभाजीनगरला जाऊन किरणांचं इंजेक्शन घ्या, सॅमॅरियम नाहीतर ल्युटेशियम, ते रक्तातून जाऊन बरोबर हाडातल्या कॅन्सरला धरतं. मला कळंना की हाताच्या नसेत टोचलेलं औषध हाडच कसं शोधतं, आणि मग चांगल्या हाडाला धरत नाही का? घरी बहीण बाळंतपणाला आलीय, सातवा चालूय, आणि माझी पोरगी दीड वर्षाची आहे, ती अण्णांजवळच झोपती. भावकीतले म्हणायलेत अणुबॉम्बचं औषध आहे, घरात आणू नका. शिवाय आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे, अण्णांची पाठ आधीपासूनच ताठ, त्याचा काही संबंध आहे का? आई म्हणती कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवा. काय करावं?"

भाऊ, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मी डॉक्टर नाही, गॅमा कॅमेऱ्याच्या, म्हणजे बोन स्कॅन काढतात त्या कॅमेऱ्याच्या, खोलीत काम केलेली टेक्निशियन आहे, म्हणजे हे इंजेक्शन घेणारी माणसं आणि त्यांचे स्कॅन जवळून बघितलेली. त्यामुळं औषध द्यायचं का नाही हे मी सांगणार नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पण ते हाडात जातं कसं हे नक्की सांगते, कारण ते कळलं की तुमचे बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पहिली गोष्ट, ते औषध कॅन्सरला शोधत नाही. हे डॉक्टर लोक घाईत बोलतात ना की "कॅन्सरला धरतं", तिथंच घोळ होतो. त्या औषधाला कॅन्सरची ओळखच नाहीये, त्याला ओळखू येतो हाडातला ताजा क्षार, आणि तो जिथं जिथं नवीन बसायला लागलाय तिथं ते जाऊन बसतं, मग ते कॅन्सरमुळं बसत असो नाहीतर मोडलेली बरगडी जुळत असो.

आता हाड म्हणजे काय ते बघा. आपण समजतो हाड म्हणजे दगड, एकदा झालं की झालं. तसं नसतंय. आत प्रथिनाच्या बारीक दोऱ्यांची जाळी असते, कोलॅजन म्हणतात, आणि त्या जाळीत कॅल्शियम आणि फॉस्फेटचे अतिशय बारीक स्फटिक बसवलेले असतात, त्या खनिजाचं नाव हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट. दहा कॅल्शियम, सहा फॉस्फेट आणि दोन हायड्रॉक्सिल असा त्याचा हिशेब. हाडाचं साधारण दोन तृतीयांश वजन या खनिजाचं, आणि अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम तिथंच साठलेलं. स्फटिक इतके बारीक असल्यामुळं सगळे मिळून त्यांचा पृष्ठभाग प्रचंड होतो, आणि हाडातून रक्त तर चोवीस तास फिरतच असतं. आणि हे हाड रोज थोडं खरवडलं जातं आणि थोडं नवीन भरलं जातं, मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा वर्षभरात नव्यानं भरून निघतो. जुन्या हाडातले स्फटिक पक्के झालेले, एकमेकांत दाबून बसलेले, त्यांचा बाहेर उघडा भाग कमी. नवीन हाडातले अजून छोटे, वेडेवाकडे, उघडे, त्यांच्या पृष्ठभागावरचं कॅल्शियम मोकळं. घराला गिलावा करताना वाळूचा खडा भिरकावला तर तो ओल्या भिंतीला चिकटून बसतो आणि वाळलेल्या भिंतीवरून खाली पडतो ना, तसं धरा.

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेला की तो नेमका इथं गडबड करतो. त्या पेशी हाड भरणाऱ्या पेशींना, म्हणजे ऑस्टिओब्लास्टना, सारखं चिथावतात आणि त्या बिचाऱ्या नको तिथं नको तितकं हाड भरत सुटतात, कच्चं, ओबडधोबड. म्हणूनच अण्णांच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे या हाड भरणाऱ्या पेशींचं एन्झाइम, वाढलेलं दिसलं असंल, फाईलमध्ये बघा. आणि म्हणूनच औषध तिथं जास्त जातं. सॅमॅरियमच्या बाबतीत तर बाजूच्या चांगल्या हाडापेक्षा त्या जागी साधारण पाचपट जातं.

आता ते चिकटतं कशानं. बोन स्कॅनच्या वेळी अण्णांना जे इंजेक्शन दिलं ते बहुतेक टेक्निशियम-९९एम एमडीपी होतं. टेक्निशियम म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारे किरण सोडणारा धातू. त्यातला एमडीपी हा फॉस्फोनेट, म्हणजे मधे एक कार्बन आणि त्याच्या दोन बाजूला दोन फॉस्फरसचे हात. त्या हातांवरचे ऑक्सिजन स्फटिकाच्या पृष्ठभागावरच्या कॅल्शियमला धरतात. हाडाच्या खनिजात फॉस्फेट असतंच, त्यामुळं त्याच्यासारखाच दिसणारा हा पाहुणा तिथं सहज मावतो. मग साधं फॉस्फेटच का नाही वापरलं? सुरुवातीला वापरायचेच की, पण फॉस्फरस-ऑक्सिजन-फॉस्फरस असा जोड असला की आपल्या अंगातलं एन्झाइम तो जोड कापून टाकतं. मधल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन घातला की त्या एन्झाइमची कात्री चालत नाही. एवढाच फरक आहे, पण मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात हुशारीची गोष्ट तीच.

सॅमॅरियमचं औषधही त्याच घराण्यातलं. त्यातल्या फॉस्फोनेटचं नाव ईडीटीएमपी, त्याला दोनाऐवजी चार फॉस्फरसचे हात. सॅमॅरियम हा धातू एकटा नसेत सोडला तर हाडाकडं नीट जात नाही, लिव्हरमध्ये जाऊन बसतो. म्हणून त्याला ईडीटीएमपीनं मधोमध कवटाळून धरायचं आणि हाडापर्यंत पोचवायचं. तिथं पोचला की त्याच्यातून बीटा किरण निघतात आणि ते किरण आजूबाजूच्या पेशींना मारतात. हे किरण लांब जात नाहीत, पेशीसमूहात सरासरी अर्धा-पाऊण मिलिमीटर, फार तर तीनेक मिलिमीटर. म्हणजे औषध चिकटतं खनिजाला आणि मार बसतो शेजारच्या पेशींना.

हाडातल्या कॅन्सरसाठी अजून एक औषध असतं, स्ट्रॉन्शियम-८९, त्याचं काम याहून सरळ. दहावीच्या पुस्तकातला तो आवर्तसारणीचा तक्ता आठवा, कॅल्शियमच्या खाली स्ट्रॉन्शियम, त्याच्या खाली बेरियम, मग रेडियम, सगळे एका उभ्या रांगेतले. शरीराला कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियममधला फरक फारसा कळत नाही, त्यामुळं त्याला हात-पाय लावायची गरजच नाही, साधं क्लोराइड नसेत दिलं की ते कॅल्शियमच्या जागी स्फटिकात जाऊन बसतं. रेडियम-२२३ सुद्धा असंच जातं, फक्त त्याच्यातून अल्फा किरण निघतात, ज्यांची पोच मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आणि मार मात्र जबरदस्त. अमेरिकेत २०१३ साली त्याला मान्यता मिळाली, प्रोस्टेटच्याच हाडातल्या पसरलेल्या कॅन्सरसाठी, आणि चाचणीत रोग्यांचं आयुष्य सरासरी ११.३ महिन्यांवरून १४.९ महिन्यांवर गेलेलं दिसलं. दुखणं कमी करण्याच्या पलीकडं जाऊन आयुष्य थोडं का होईना वाढवलेलं हाडाचं असं औषध तेच. पण ते महाग आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी ते सुचवलेलंही नाही, त्यामुळं तिकडं जास्त जात नाही.

रेडियमवरून एक आडवी गोष्ट सांगते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घड्याळाच्या काट्यांना अंधारात चमकणारा रेडियमचा रंग द्यायला पोरी कामाला असायच्या, ब्रशचं टोक बारीक व्हावं म्हणून त्या ब्रश ओठात धरायच्या. ते रेडियम पोटातून रक्तात, रक्तातून हाडात, आणि मग जबड्याची हाडं सडायला लागली, कितीतरी जणी गेल्या. ते रेडियम-२२६ होतं, ते निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. आजचं औषधातलं रेडियम-२२३ निम्मं होतं साडेअकरा दिवसांत. हाडाला चिकटायची रीत दोघांची एकच. तुमच्या भावकीतले जे घाबरवायलेत ना, त्यांच्या भीतीला जुना आधार आहे, नाही असं नाही. पण अणुबॉम्बचं औषध हे मात्र चुकीचं. स्ट्रॉन्शियम-८९ पहिल्यांदा हाडातल्या कॅन्सरसाठी वापरलं गेलं १९४० च्या सुमारास, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, चार्ल्स पेचर नावाच्या बेल्जियन डॉक्टरनं. बॉम्ब पडला १९४५ ला. औषध बॉम्बच्या आधीचं आहे, हे चुलत्यांना सांगा. आणि आपल्याकडं हे सॅमॅरियम आणि ल्युटेशियम तयार होतं ते मुंबईला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत.

आता तुमचा खरा प्रश्न, चांगल्या हाडाला धरत नाही का. धरतं. थोडं धरतंच, कारण चांगलं हाडही रोज थोडं नवीन भरत असतंय. आणि हाडाच्या आत मगज असतो, रक्त तयार करणारा, त्याला थोडा मार बसतो. म्हणून हे औषध दिल्यावर प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी खाली येतात, सॅमॅरियमनंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात सगळ्यात खाली, आणि आठव्या आठवड्याच्या आसपास बहुतेकांच्या परत वर येतात. आधीच कमी असतील तर देत नाहीत. आधी कधी केमो झाली असंल, रक्त भरावं लागलं असंल, तर ते न विसरता सांगा. इंजेक्शननंतर सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करत राहा, ते किनवटलाही होतं, त्यासाठी दर वेळी संभाजीनगर गाठायची गरज नाही, रिपोर्ट फोटो काढून पाठवला तरी डॉक्टर बघतात. अंगावर निळे डाग पडले, हिरड्यातून रक्त आलं, ताप आला तर मात्र थांबायचं नाही.

यातूनच पुढची गोष्ट निघते आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटती. औषध कुठं जाणार हे आधी दिसतं. बोन स्कॅनमध्ये जिथं काळा डाग चमकला तिथंच हे औषध जाणार, कारण दोन्ही एकाच रीतीनं चिकटतात. जिथं दुखतंय पण स्कॅनवर काहीच नाही तिथं औषधही जाणार नाही आणि त्या जागेचं दुखणंही जाणार नाही. मायलोमासारख्या, म्हणजे मगजातल्या पेशींच्या कॅन्सरसारख्या, आजारात कॅन्सर हाड नुसतं खात सुटतो, नवीन भरत नाही, मग स्कॅनवर डाग उमटत नाही, आणि अशांना या औषधाचा उपयोग नाही. म्हणून संभाजीनगरला जाताना नांदेडच्या स्कॅनची फिल्म किंवा सीडी घेऊन जा, नुसता कागदी रिपोर्ट नाही, आणि तिथल्या डॉक्टरांसमोर अण्णांना बोटानं दाखवायला सांगा की इथं दुखतंय, इथं दुखतंय, आणि ती जागा फिल्मवर आहे का ते विचारा. लाजायचं नाही. एकच जागा दुखत असंल, समजा फक्त डावी मांडी, तर त्याला बाहेरून मशीननं एका बैठकीत किरणांचा शेक देतात, ८ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) एकच शेक पुष्कळदा पुरतो, अख्ख्या अंगात औषध फिरवायची गरज पडत नाही. अण्णांच्या तीन-चार जागा आहेत म्हणून इंजेक्शनचा विचार केलेला दिसतोय.

स्कॅनवरचा प्रत्येक डाग कॅन्सर नसतो हेही लक्षात ठेवा. गुडघ्याचा संधिवात चमकतो, जुळत आलेलं फ्रॅक्चर चमकतं, इंजेक्शन टोचलेली कोपरातली जागा चमकते, किडन्या आणि मूत्राशय तर दिसतातच कारण उरलेलं औषध तिथूनच बाहेर जातं. आमच्याकडं एका आजोबांच्या मांडीवर मोठा डाग दिसला, सगळे गंभीर. मी त्यांचं धोतर बदलायला लावलं, मांडी पुसून घेतली आणि परत फोटो काढला तर डाग गायब. लघवीचे थेंब धोतरावर पडले होते, बाकी काही नाही.

आता फ्लोराईड. हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं केलं, कारण हे लोक डॉक्टरांना सांगतच नाहीत. फ्लोराईड हाडात जातं ते वेगळ्या दारानं. मघाशी म्हणलं ना दोन हायड्रॉक्सिल, त्यांच्या जागी फ्लोराईड जाऊन बसतं. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या बरंच वर असंल आणि वर्षानुवर्षं पिण्यात येत असंल तर हाड घट्ट आणि जाड होतं, मणक्याचे बंध कडक होतात, पाठ वाकवता येत नाही, ती तुमच्या अण्णांची ताठ पाठ कदाचित त्यातली असू शकती. गंमत म्हणजे पेट स्कॅनला जे सोडियम फ्लोराइड वापरतात, फ्लोरिन-१८ वालं, ते याच दारानं हाडात जातं, म्हणजे तुमच्या बोअरमधून जे फुकट जायलंय त्याचंच किरणं सोडणारं भावंडं, तेही १९६२ पासून माहिती असलेलं.

पण मुद्दा असा की फ्लोरोसिस असलेल्या माणसाचा बोन स्कॅन घेतला तर सगळाच सांगाडा जास्त उजळलेला येऊ शकतो. आणि प्रोस्टेटचा कॅन्सर सगळ्या हाडात पसरला तरी तसंच येतं, इतकं की हाडंच सगळं औषध ओढून घेतात आणि किडन्या फिल्मवर दिसत नाहीत, त्याला सुपरस्कॅन म्हणतात. कुठलं काय हे फरक करायला डॉक्टरांना एक्सरे, सीटी आणि पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी हे सोबत बघावं लागतं. म्हणून तुम्ही आपण होऊन सांगा, "साहेब, आम्ही इतकी वर्षं बोअरचं पाणी प्यालोय आणि त्यात फ्लोराईड निघालंय." किनवट म्हणलं की नांदेडच्या डॉक्टरांना कळंल, संभाजीनगरच्यांना कळंलच असं धरू नका. पाण्याचा तपासणी रिपोर्ट असंल तर फाईलला लावा.

कॅल्शियमच्या गोळ्या. आईंचं म्हणणं चुकीचं नाही, हाडं ठिसूळ होतात म्हणून डॉक्टरच देतात त्या, विशेषतः हार्मोनचं इंजेक्शन चालू असंल तर. पण स्ट्रॉन्शियम द्यायचं ठरलं तर कॅल्शियम आधी दोनेक आठवडे बंद ठेवतात, कारण दोघांचं दार एकच. सॅमॅरियमला तेवढी अडचण नसती. महिन्या-महिन्याला हाडासाठी सलाईनमधून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड घेत असंल तर तेही सांगा, तेही फॉस्फोनेटच्याच घराण्यातलं आहे, त्याची तारीख आणि या इंजेक्शनची तारीख डॉक्टर जुळवून घेतील. तुम्ही आपल्या मनानं काही बंद करू नका, काही चालू करू नका.

ल्युटेशियमबद्दल एक सांगायचंच आहे. कागदावर ल्युटेशियमच्या पुढं काय लिहिलंय ते नीट वाचा. ल्युटेशियम ईडीटीएमपी असंल तर ते सॅमॅरियमसारखंच, हाडाच्या खनिजाला चिकटणारं. पण ल्युटेशियम पीएसएमए असंल तर ते पूर्ण वेगळं, ते खनिजाकडं बघत नाही, प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशीवर पीएसएमए नावाचं प्रथिन असतं त्याला धरतं, त्याच्यासाठी वेगळा पेट स्कॅन आधी करावा लागतो, खर्च वेगळा, डोस वेगळे, घ्यायचं कारणही वेगळं. लोक दोन्हीला नुसतं "ल्युटेशियम घेतलं" म्हणतात आणि मग एकमेकांचे अनुभव ऐकून गोंधळतात. शेजारच्या गावच्या कोणाला काय फरक पडला हे ऐकायच्या आधी त्यानं यातलं कुठलं घेतलं ते विचारा.

इंजेक्शन घेतल्यावर काय होणार ते सांगते म्हणजे घरात घबराट नको. हातातून नसेत हळूहळू देतात, वजनावर डोस असतो, सॅमॅरियमला किलोला एक मिलिक्युरी, हे किरणं सोडायच्या ताकदीचं माप. दुखत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत काहीजणांचं दुखणं उलट वाढतं, तुम्हाला वाटेल औषध उलटलं. उलटलेलं नसतंय, ते चार दिवस निघतात. म्हणून मॉर्फिन किंवा जी काही गोळी चालू आहे ती इंजेक्शन झालं म्हणून लगेच बंद करायची नाही. फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पूर्ण फरक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि तो सरासरी दोनेक महिने टिकतो, कोणाकोणाला चार महिने. साधारण दहापैकी सहा-सात जणांना आराम पडतो, बाकीच्यांना पडत नाही, हे आधीच मनाला सांगून ठेवा. रक्त सुधारलं तर परत देता येतं. कॅन्सर यानं बरा होणार नाही, अण्णांना झोप लागावी यासाठी हे आहे, आणि तेही कमी नाही.

एका गोष्टीला मात्र हे इंजेक्शन चालत नाही. अण्णांच्या पायातली ताकद एकदम कमी झाली, चालताना पाय लटपटायला लागले, कमरेखाली बधिर वाटायला लागलं, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, तर मणक्यातला कॅन्सर मज्जारज्जूला दाबायलाय असं समजायचं आणि इंजेक्शनची तारीख चार दिवसांवर असली तरी वाट बघायची नाही, त्याच रात्री गाडी करून मोठ्या दवाखान्यात न्यायचं. तिथं स्टेरॉइड, बाहेरून शेक किंवा ऑपरेशन लागतं, आणि तास महत्त्वाचे असतात. किनवटहून नांदेड लांब आहे म्हणून सकाळी बघू असं करू नका.

आता बहीण आणि पोरगी. सॅमॅरियम निम्मं होतं ४६ तासांत, म्हणजे दोन दिवसांत निम्मं, चार दिवसांत पाव, आठवड्यात साधारण बारावा हिस्सा. ल्युटेशियमला निम्मं व्हायला साडेसहा दिवसांच्या वर लागतात, त्यामुळं त्याची काळजी जास्त दिवस. बीटा किरण अण्णांच्या अंगाबाहेर येत नाहीत, पण दोन्हीतून थोडे गॅमा किरणही निघतात, सॅमॅरियमचे तर असे की त्यावर कॅमेऱ्यानं फोटो काढता येतो, आणि ते बाहेर येतात. म्हणून सुरुवातीचे काही दिवस सातव्यातल्या बहिणीनं अण्णांची सेवा करायची नाही आणि पोरगीला त्यांच्याजवळ झोपवायचं नाही. किती दिवस ते तिथला रेडिएशन सेफ्टी ऑफिसर अण्णांच्या अंगापासून मीटरभर लांब मशीन धरून मोजतो आणि लिहून देतो, तो कागद मागून घ्या आणि बहीण गरोदर आहे हे त्याला आधीच सांगा. मला विचाराल तर त्या दिवसांपुरतं बहिणीला मावशीकडं नाहीतर सासरी पाठवलेलं बरं, पोरगीला समजावणं अवघड जाईल ते दिसतंयच. पण अण्णांना वाळीत टाकू नका. हे लागट नाही, त्यांच्या हातचं पाणी प्यायल्यानं कोणाला काही होत नाही, दिवसातून पाच-दहा मिनिटं लांबून गप्पा मारल्या तर चालतं, भांडी वेगळी काढून कायमची कोपऱ्यात ठेवायची गरज नाही.

जपायचं ते लघवीला. हाडाला न चिकटलेलं औषध, साधारण तिसरा हिस्सा, पहिल्या सहा-आठ तासांत लघवीतून निघून जातं. तेवढा वेळ शक्यतो दवाखान्यातच काढा, पाणी भरपूर पाजा, अण्णांना बसून लघवी करायला सांगा, दोनदा पाणी टाका, हात साबणानं. प्रोस्टेटमुळं लघवीवर ताबा नसंल तर आधी सांगा, नळी घालतात. कपडे ओले झाले तर वेगळे धुवा. इंजेक्शन झालं आणि लगेच नंदीग्राम एक्सप्रेसमध्ये बसवलं, असं करू नका, जनरल डब्यात कोणाच्या मांडीला मांडी लावून तासन् तास बसावं लागतं आणि शेजारी कोण गरोदर बाई असंल ते कळतही नाही. रात्री तिथंच थांबा.

पैशांचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, योजनेत काय बसतं आणि काय नाही ते तोच कागद बघून सांगू शकतो, फोनवर कोणी सांगितलेलं धरू नका.

आणि तारीख. हे औषध मेडिकलमध्ये ठेवलेलं नसतंय, अण्णांच्या नावानं आणि वजनाच्या हिशेबानं मागवतात आणि रस्त्यातही ते कमी होत असतं. त्या दिवशी गेला नाहीत तर ते दुसऱ्या दिवशी तेवढंच उरलेलं नसतं. अण्णांना ताप आला, सीबीसी घसरला किंवा घरात काही अडचण आली तर आठवडाभर आधी न्यूक्लियर मेडिसिनच्या काउंटरला फोन करा, आदल्या रात्री नको.